पाटल्यांची मोटार

मोटार घेताना आम्ही ठकलो, असं आमच्या घरात अजून सांगतात. दिवाळीला सगळी जमली की कुणीतरी तो विषय काढतं आणि माझ्याकडं बघून हसतं. नवी गाडी घ्यायला निघालेल्या नातवानं तर मला मुद्दाम विचारलं, सौदा कसा करायचा ते सांग आजी, म्हणजे मी बरोबर त्याच्या उलटं करतो. हसा म्हणावं. मी तेव्हाही ठकले नव्हते आणि ठकले असते तर आता या वयात ते कबूल करून टाकायला मला कुणाची भीड पडलेली नाही. काय झालं ते मीच लिहून ठेवते, म्हणजे माझ्यामागं त्याला आणखी फाटे फुटायचे नाहीत.

तेव्हा मी शिवऱ्याला नांदत होते. सासऱ्यांच्या दोन बैलगाड्या पुण्याच्या रस्त्यावर चालायच्या. वेल्ह्याकडचा, भोरकडचा तांदूळ पुण्याच्या भुसार पेठेत न्यायचा आणि येताना मीठ, गूळ, रॉकेल, कापड आणायचं, हा आमचा धंदा. मग सर्व्हिस मोटारी सुरू झाल्या, ठरल्या वेळेला माणसं आणि माल नेणाऱ्या. भोरची मोटार सकाळी पुण्याला जाऊन दिवस मावळायच्या आत परत यायची, तोवर आमच्या गाड्या कात्रजच्या पायथ्यालाच असायच्या. व्यापारी माणूस बैलांच्या मायेपोटी थोडाच थांबणार? मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, वर्षभर मोटारवाल्यांना यथेच्छ शिव्या घातल्या आणि मग एके दिवशी जेवता जेवता सांगून टाकलं, की आपण मोटार घ्यायची. माझा नवरा पुण्याला एका कारखान्यात राहून मोटार हाकायला शिकून आला होता, लायसनही काढलं होतं. नवऱ्याला मी इथं नवराच म्हणणार आहे. तेव्हा ‘हे’ म्हणत होते, ते पुरे झालं.

मामंजींनी खटपट करून नसरापुरावरून वेल्ह्याला जाणाऱ्या रस्त्याचा परवाना मिळवला. तिकडं अजून कुणाची मोटार नेमानं जात नव्हती. हे ऐकलं आणि मी नवऱ्याला दोनदा विचारून खात्री करून घेतली, कारण तो माझ्या माहेरचा रस्ता. माझं गाव पासली, वेल्ह्याच्याही पलीकडं, डोंगरात. लग्न झाल्यापासून मी तिकडं अगदी मोजक्या वेळा गेले होते. जायचं नाव काढलं की मामंजी म्हणायचे, त्या चढणींनी बैलांची हाडं निघतात, तुझ्या माहेरासाठी बैल मारू का? यावर सुनेनं काय बोलावं? मी चुलीपुढं जाऊन रडायचे. वेल्ह्याला मोटार जाणार म्हटल्यावर त्या घरात आल्यापासून पहिल्यांदा मला वाटलं, की आई आता फार लांब नाही.

बदलीला ठेवलेली तिसरी बैलजोडी विकली, तांदळाचे पैसे होते, तरी मोटार पुरी होत नव्हती. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या, घरात दुसरं सोनं नव्हतं. राहता राहिल्या माझ्या पाटल्या. त्या माझ्या आईच्या. लग्नात तिनं स्वतःच्या हातांतून काढून माझ्या हातांत चढवल्या आणि नंतर जन्मभर काचेच्या बांगड्यांवर राहिली. डोंगरातल्या त्या घरात सोनं एवढंच होतं.

नवऱ्यानं पाटल्या मागितल्या तेव्हा मी गोठ्यात धार काढत होते. मी नाही म्हटलं नाही. फक्त एवढंच म्हटलं, की मी बरोबर येणार, मोटार बघणार, आणि मग हातांतून काढणार. तो मामंजींना जाऊन सांगून आला. मामंजी गोठ्याच्या दारात आले आणि त्याच्याकडंच बघत म्हणाले, की बायामाणसं बैलबाजाराला जात नसतात, हे तिला सांग. मीही म्हशीकडं बघत सांगितलं, की म्हैस घेताना दोन वेळा धार काढून बघायला मलाच त्या माणसाच्या घरी नेलं होतं, तेव्हा मी बाईमाणूस नव्हते का? खोटं काही नव्हतंच ते. जाता जाता म्हणाले, "चल म्हनावं तिला."

अशी आमची वरात पुण्याला निघाली. दोन्ही गाड्यांत तांदळाची पोती भरली होती, म्हणजे एका खेपेत दोन कामं. अड्ड्यावर गाड्या सोडल्या, ओळखीच्या गाडीवानाला बैलांवर लक्ष ठेवायला सांगितलं आणि आम्ही तिघं लष्करात, म्हणजे कँपात, मोटारीच्या दुकानात गेलो.

दुकान कसलं, काचेचा महालच. आत एक तयार मोटार उभी होती. निळी, बाजूला सोनेरी पट्टा, आत मखमलीच्या गाद्या, खिडक्यांना पडदे. माझा नवरा तिच्याभोवती ज्या कौतुकानं फिरला, तसा लग्नात होमाभोवतीही फिरला नव्हता. मामंजी मात्र तिच्याकडं फार बघत नव्हते. ते कोट घातलेल्या मॅनेजरकडं बघत होते. त्यांच्या मते सौदा जनावराशी नसतो, मालकाशी असतो.

आमच्याकडं बैलाचा भाव तोंडानं बोलत नाहीत. चारचौघांना आकडा कळू नये म्हणून घेणारा आणि विकणारा उपरण्याखाली हातात हात धरतात आणि बोटं दाबून किंमत सांगतात. पटली नाही तर दुसरा बोटं बदलतो. पटली तर हात घट्ट दाबून हलवतो. एकदा हात हलवला की संपलं. मग आभाळ कोसळलं तरी कुणी मागं फिरत नाही, आणि जो फिरतो त्याच्याशी बाजारात पुन्हा कुणी बोलत नाही. मामंजींचं सगळं आयुष्य या उपरण्याखाली गेलेलं. त्यांनी मॅनेजरसमोर उपरणं धरलं, खालून हात पुढं केला, मॅनेजरनंही गंमत वाटून हात दिला. मामंजींनी बोटं दाबून आपला भाव सांगितला. तो अर्थातच फार खालचा होता, सुरुवातीला कुणीही खालचाच सांगतो. मॅनेजरला वाटलं, खेड्यातला म्हातारा रामराम करतोय. त्यानं हसून मामंजींचा हात चांगला जोरात हलवला आणि वा वा म्हणाला.

मामंजी आमच्याकडं वळले. त्यांचा चेहरा मी विसरणार नाही. पहिल्याच बोलीला सौदा मिळालेला माणूस जसा दिसेल तसा. म्हणाले, "ठरलं."

मग मॅनेजरनं छापील किंमत सांगितली. ती ऐकून मामंजींना काही कळेना. ते म्हणाले, हात देऊन फिरता? मॅनेजरलाही काही कळेना. शेवटी माझ्या नवऱ्यानं खाली मान घालून त्याला सगळं समजावून सांगितलं. मॅनेजर हसला. हसला ते हसला, आतून दोन कारकुनांना बोलावलं आणि मामंजींना म्हणाला, आजोबा, ते फडक्याखालचं पुन्हा एकदा करून दाखवा की.

आमच्या मामंजींवर माझं प्रेम होतं अशातला भाग नाही. माहेरच्या वाटेवर त्यांनी बैल आडवे घातले होते, ते मी विसरले नव्हते. पण ज्या माणसाचा शब्द भोरच्या बाजारात नाण्यासारखा चालायचा, त्याला तीन पोरगेल्या माणसांसमोर खेळ करून दाखवायला सांगणं मला सोसलं नाही. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी दारात उभी होते, तिथूनच बोलले. म्हटलं, आमच्यात जनावर ओझं ओढून दाखवल्याशिवाय पैसे मोजत नाहीत. आमची पोती यात घाला, कात्रजचा घाट चढवून दाखवा, मग कुणाची किंमत खरी ते बोलू. मॅनेजर म्हणाला, बाई, नव्या मोटारीत पोती घालत नसतात. हवं तर लष्करातून एक चक्कर मारून आणतो. मी म्हटलं, आम्ही लष्करात राहत नाही.

तो नाही म्हणाला तशी मी दाराच्या पायरीवर बसले. नवरा ऊठ ऊठ म्हणून दातओठ खाऊ लागला. मी उठले नाही. तेवढ्यात एक गोरा साहेब आणि त्याची मडम आली. त्यांना मला ओलांडून जायची पाळी आली तेव्हा मॅनेजरचं हसू आटलं आणि तो घाटात न्यायला कबूल झाला. पुण्याची माणसं आमच्यासारख्यांना कात्रजचा घाट दाखवतात अशी म्हण आहे. त्या दिवशी पुण्याच्या माणसाला घाट दाखवायला आम्ही घेऊन गेलो.

मी त्याआधी मोटारीत कधी बसले नव्हते. मखमलीवर पोती ठेवताना मॅनेजरच्या जिवाचं पाणी होत होतं. दुकानाचा ड्रायव्हर हाकत होता, मॅनेजर त्याच्या शेजारी, मामंजी आणि नवरा मधे, आणि मी मागं पोत्यांना टेकून. सपाटीवर ती मोटार अशी पळाली, की माझासुद्धा जीव तिच्यावर जडला. झाडं मागं पळत होती, पडदे फडफडत होते. मला वाटलं, काढाव्या पाटल्या आणि द्याव्या मोकळ्या करून. हे कबूल करते, नाहीतर माझ्या हट्टाला काही किंमत उरायची नाही.

घाट लागला आणि तिचा आवाज बदलला. दुसऱ्या वळणावर ती धापा टाकू लागली, पुढच्या टोपणातून वाफ आली, आणि वळण संपायच्या आत ती उभी राहिली. ड्रायव्हरनं खाली उतरून चाकामागं धोंडा लावला. मॅनेजर म्हणाला, ऊन फार आहे. पाणी घातलं, थांबलो, पुन्हा निघालो. थोडी वर गेली आणि पुन्हा उभी. मॅनेजर म्हणाला, पोती फार आहेत. मी म्हटलं, आमच्याकडं एवढीच असतात. निम्मी पोती उतरवून पुन्हा करून बघितलं. थोड्या अंतरावर तिनं परत बैठक मारली.

मॅनेजरला आता घरी जायचं होतं. कोटाला घाम फुटला होता, मखमलीवर भुसा पडला होता. तो मामंजींना म्हणाला, आजोबा, तुमच्या त्या फडक्याखालच्या भावाला देऊन टाकतो, न्या.

नवऱ्याचे डोळे चमकले. पुण्याच्या दुकानातली मखमली मोटार आणि ती बैलबाजारातल्या पहिल्या बोलीला! असा सौदा तालुक्यात कुणी केला नव्हता. मामंजींचा पेच मात्र मला दिसत होता. त्यांनी भाव बोलला होता आणि समोरच्यानं तो दिला होता. त्यांच्या हिशेबी आता पैसे मोजण्यापलीकडं काही उरलं नव्हतं. मला राहवलं नाही. लग्न झाल्यापासून मी त्यांच्या तोंडाकडं बघून बोलले नव्हते, ती तेव्हा बोलले.

"मामंजी, ह्यो बश्या बैल हाय."

ते रस्त्याकडं बघत म्हणाले, "भाव म्या बोललो. त्यानं दिला. आता फिरलो तर बाजारात तोंड कसं दावू?"

"जुवाखाली बसला की सौदा मोडतो, ह्येबी तुमच्याच बाजारात हाय."

नवरा पुढं आला. मॅनेजर बघत होता, ड्रायव्हर बघत होता, रस्त्यानं जाणारे दोन गाडीवानही थांबले होते. त्या सगळ्यांसमोर तो मला म्हणाला, "पाटल्या काढ."

"न्हाई."

त्यानं हात पुढं केला होता तो तसाच राहिला. मी दोन्ही हात पदराखाली घेतले. मला वाटलं आता हा मारणार. मारलं असतं तरी मी दिल्या नसत्या. त्या मोटारीनं कात्रज चढला नाही, तर वेल्ह्याची वाट कशी चढेल? ती शिवऱ्याच्या सडकेवर पडदे फडफडवत फिरली असती आणि मामंजींनी पुढं म्हटलं असतं, तुझ्या माहेरासाठी मोटार मारू का? आईनं तिच्या हातांतलं दिलं ते एवढ्यासाठी नव्हतं.

शेवटी मामंजी म्हणाले, "पोती उतरवा." माझ्याकडं बघितलं नाही. ते माझं ऐकून म्हणाले की माझ्यावर चिडून, ते मला तेव्हा कळलं नाही. उरलेली पोती उतरली, मोटार उतारानं खाली गेली, जाताना मॅनेजरनं गावंढळ असं काहीतरी म्हटलं. गाड्या आणायला बापलेक अड्ड्यावर निघाले. निघताना नवरा हळूच म्हणाला, घरी चल, मग बघतो तुला. मी रस्त्याच्या कडेला पोत्यांवर राखणीला बसले.

मी घाबरले होते. किती, ते सांगते. ज्या बायका नवऱ्याला चारचौघांत नाही म्हणाल्या त्यांचं काय झालं हे मला ठाऊक होतं. शिवऱ्याच्या पलीकडच्या गावात एक होती, तिला नवऱ्यानं माहेरी पोचवली ती पोचवलीच. मलाही पोचवतील, पाटल्या घालून मी पासलीला परत जाईन, आई काय म्हणेल, भाऊ किती दिवस ठेवून घेतील, हे सगळं त्या पोत्यांवर बसून मनात येऊन गेलं. आणि तरी एक गोष्ट मनात आली नाही. पाटल्या द्यायला हव्या होत्या, असं काही एकदाही वाटलं नाही.

दुपार कलली तशी पुण्याकडून एक मोटार वर येताना ऐकू आली. बघते तर भोरची सर्व्हिस, आमच्या पोटावर पाय देणारी तीच. माणसं खच्चून भरलेली, टपावर ट्रंका, कोंबड्यांची खुराडी, केळीचे घड. आवाज दगड भरडल्यासारखा. पण ती आली. दुसरं वळण आली, आमची जिथं बसली तिथून पुढं गेली, आणि माझ्यापाशी येऊन थांबली, कारण बाई एकटी पोत्यांवर बसलेली बघून ड्रायव्हरला काळजी वाटली.

तो भोरचा मुसलमान, वयस्क माणूस, आमच्यासारखंच बोलणारा. विचारू लागला, काय झालं ताई, गाडी मोडली का? मी त्याला उभ्या उभ्या सगळं सांगितलं आणि विचारलं, दादा, तुमची ही कुठली? चढते कशी? त्यानं सांगितलं, की स्टेशनच्या मागं एका पत्र्याच्या शेडमध्ये मिळते. तयार मिळत नाही, नुसता सांगाडा घ्यायचा, वरचं घर आपलं आपण बांधायचं. मी म्हटलं, आणि खोड? आता धंद्यातला माणूस, आम्ही त्याच्या वाटेत येणारी माणसं. त्यानं सांगायची गरज नव्हती. पण बैलबाजाराची हवा त्यालाही लागलेली होती, तिथं विचारल्यावर जनावराची खोड लपवत नाहीत.

"खोडी दोन हायती, ताई. सकाळी सुरू कराया हँडल मारताना उलटा झटका देती, मनगट मोडंल. आन् भरल्यावर उतारानं बिरेक उशिरा धरती. पर चढाला माघार न्हाई तिची."

आतली माणसं ओरडू लागली तशी मोटार निघून गेली. मी तिच्या धुरातच उभी होते.

संध्याकाळी गाड्या घेऊन दोघं आले. नवरा पोती चढवायला लागला, माझ्याशी बोलला नाही. मी मामंजींना मोटारीचं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकलं आणि एकच विचारलं, खोड सांगितली का त्यानं? मी दोन्ही सांगितल्या. त्यांनी बैलांच्या पाठीवरून हात फिरवला आणि नवऱ्याला सांगितलं, उद्या ती बघायची.

पत्र्याच्या शेडमधला म्हातारा वर्तमानपत्र वाचत होता. त्यानं किंमत एकदा सांगितली आणि पुन्हा वाचायला लागला. मामंजींनी खोड विचारली. त्यानं त्याच दोन सांगितल्या आणि वर म्हणाला, तिसरी म्हणजे दिसायला भिकार आहे. घाटात नेऊन बघतो म्हटल्यावर न्या म्हणाला. वर घर नव्हतंच. लोखंडाच्या दोन लांब पट्ट्या, पुढं इंजिन, चार चाकं, झालं. ड्रायव्हर खोक्यावर बसला, मागं फळ्या बांधल्या, त्यांवर पोती आणि पोत्यांवर मी, पदर कमरेला खोचून आणि दोरी मुठीत धरून. पुणं अख्खं आमच्याकडं बघून हसत होतं. घाटातून ती ओरडत, ठेचकाळत, पण न थांबता वर गेली. घाटमाथ्यावरच्या बोगद्यापाशी उतरले तेव्हा माझ्या तळहातांवर दोरीचे वळ उठले होते. मामंजी पोत्यांवरून खाली आले, आणि इंजिनाच्या पुढं जाऊन उभे राहिले.

म्हाताऱ्यानं एक पैसा कमी केला नाही. मामंजींनी उपरण्याखाली हात घातलाच नाही. पुण्यात त्यांनी पुन्हा कधी घातला नाही, आणि याचं मला अजून वाईट वाटतं.

सराफाच्या दुकानात पाटल्या निघेनात. इतक्या वर्षांत हात भरले होते. साबण लावला, तेल लावलं, मनगट सोलून निघालं. मी रडले, लपूनछपून नाही, दुकानात बसून. नवरा बाहेर जाऊन उभा राहिला. पण मी त्या माझ्या हातांनी काढल्या आणि माझ्या हातांनी तागडीत ठेवल्या. कुणी मागितल्या म्हणून दिल्या नाहीत.

आता हे आमच्या घरातले शहाणे काय म्हणतात? मखमली मोटार निम्म्यात मिळत होती ती सोडली आणि हाडांचा सापळा पुऱ्या किमतीला आणला. गावानंही तेच म्हटलं. माझ्या नवऱ्याला बाईलबुद्ध्या म्हणून चिडवलं, त्यानं तो राग माझ्यावर काढला, आणि चांगले काही महिने आमच्यात मीठमिरचीपुरतं बोलणं होतं. वर घर बांधायला आमचा सुतार लावला. त्यानं जन्मात फक्त बैलगाड्या बांधलेल्या. त्यामुळं आमची मोटार मागून बघितली की हिचे बैल कुठं गेले, असंच माणसाला वाटायचं. ती मखमली पुढं कुणी घेतली म्हणतात, सातारच्या बाजूला बरीच वर्षं छान चालली म्हणे. चालली असेल. सपाटीला कोण चालत नाही?

उन्हाळ्यात वेल्ह्याची पहिली खेप ठरली. बाजारकऱ्यांच्या हाती पासलीला निरोप गेला होता. मामंजी स्वतः आले, मला मागच्या बाकावर बसवलं. प्रत्येक चढणीला मी डोळे मिटत होते आणि प्रत्येक चढण मागं पडत होती. बैलांची हाडं जिथं निघायची तिथंही ती आवाज करत गेली. वेल्ह्यात माणसांचा गराडा पडला. कुणी हार घातला, कुणी नारळ फोडला, पोरांनी चाकं चाचपली. गावातल्या एका मोठ्या गृहस्थांनी परतीसाठी ड्रायव्हरशेजारची मानाची जागा काठी ठेवून आधीच धरली होती.

आई गर्दीच्या कडेला होती. पहाटे पासलीहून निघून चालत आली होती. ती सरळ माझ्याकडं आली नाही. आधी मोटारीभोवती एक पूर्ण फेरी मारली, चाकाला हात लावला, सुताराच्या फळ्या ठोकून बघितल्या. मग माझ्यापुढं उभी राहिली. तिनं माझ्या हातांकडं बघितलं. तिथं आता तिच्यासारख्याच काचेच्या बांगड्या होत्या. मला वाटलं, आता विचारेल. मामंजी शेजारीच होते. नवरा हँडल मारायला वाकला होता. सगळं वेल्हं ऐकत होतं.

आई म्हणाली, "कुनाची म्हनायची ही?"

अशा वेळी सुनेनं काय म्हणायचं असतं, ते तिनंच मला शिकवलं होतं. मामंजींची म्हणायचं. फार तर, आमच्या घरची.

"माजी," मी म्हटलं.

नवरा वाकलेला होता तो तसाच राहिला. मामंजींनी मान वर करून माझ्याकडं बघितलं. मी नजर खाली घेतली नाही. त्यांनी घसा साफ केला, पण नाही म्हणाले नाहीत.

आईनं पदर सावरला, वहाणा काढून हातात घेतल्या.

"मंग म्या फुडं बसते," ती म्हणाली, आणि त्या गृहस्थांनी आपली काठी उचलली.